हात लहान, बोर मोठा: मुठीत नीट बसेल असं .४५ कुठलं?

लवंगी | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

दोन वर्षं झाली क्लबातलं नऊ एमेमचं पिस्तूल चालवतेय, बरं जमतंय. आता .४५ ची, म्हणजे ०.४५ इंच बोराच्या पिस्तुलाची, ओढ लागलीये आणि कारण विचाराल तर हसाल. लोखंडी पाटीवर नऊ एमेमची गोळी लागली की पाटी नुसती 'हं' म्हणते, .४५ लागली की मागे कलून पडते. बस्स, तो आवाज ऐकला आणि मी कामातून गेले.

अडचण हाताची. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर, मोजून. क्लबातल्या एकाने आपलं ग्लॉक २१ दिलं. मूठ नीट धरली तर बोटाचं नुसतं टोक ट्रिगरला टेकतं, मग बोट पोचवायला मी पिस्तूलच हातात थोडं फिरवून धरलं आणि चाळीसेक गोळ्यांनंतर अंगठ्याच्या मुळाचं हाड असं ठणकायला लागलं की रात्री बाटलीचं झाकण उघडेना. पुढच्या आठवड्यात दुसरा म्हणाला "ताई तुमच्या हाताला हे बघा", आणि एक एवढंसं, पाच गोळ्यांचं .४५ हातात ठेवलं. हातात काय गोड बसलं! दोन मॅगझिन मारली. तिसरं भरायची इच्छाच झाली नाही.

तर प्रश्न असा, लहान हाताला मोठा बोर जमतच नाही का, की मी चुकीची पिस्तुलं धरतेय?


नेमबाज_नाही | सोमवार, रात्री ११:०५

नऊ एमेम सोडू नका. हे माझे दोन शब्द. (चार झाले.)


जुनं_खोड | मंगळवार, सकाळी ६:१८

लवंगीताई, जमतं. अगदी मस्त जमतं. पण आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, 'लहान हाताला लहान पिस्तूल'. ज्यांनी ते एवढंसं पिस्तूल हातात ठेवलं त्यांचा हेतू चांगला असेल पण हिशेब चुकला. .४५ एसीपीची नेहमीची गोळी २३० ग्रेनची (सुमारे १५ ग्रॅम), साधारण ८३० फूट प्रतिसेकंदाने जाते, ती गोळी काय पिस्तूल बघून हळू जात नाही. पोलादी १९११ (अमेरिकी सैन्याचं जुनं .४५ पिस्तूल) चं वजन सुमारे ११०० ग्रॅम, ते चिमुकलं ६०० च्या आसपास. झटका देणारी गोळी तीच आणि तो पेलणारं वजन जवळजवळ निम्मं, म्हणजे हातात येणारी झटक्याची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर गेली की! तुम्हाला तिसरं मॅगझिन भरावंसं वाटलं नाही यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

तुम्हाला हवंय ते *जड* पिस्तूल, ज्याची मूठ *बारीक* आहे. या दोन गोष्टी एकत्र असू शकतात.

आता मोजायचं काय ते सांगतो. हाताची लांबी बाजूला ठेवा. मोजायचं ते मुठीच्या मागच्या कण्यापासून ट्रिगरच्या तोंडापर्यंतचं अंतर. आम्ही त्याला नुसतं 'पोच' म्हणतो. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः दोनदा बघून, सुरक्षित दिशेला तोंड करून, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागे वर, बाहेर आलेल्या शेपटासारख्या टोकाखाली, बरोब्बर मध्यावर घाला. नळी आणि तुमचं कोपरापुढचं हाड एका रेषेत आलं पाहिजे. ही रेष न मोडता बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर बसला तर पोच जमली. बोट पोचवायला मूठ फिरवावी लागली तर पिस्तूल परत द्या, किती का आवडेना. मूठ फिरवली की झटका तळहाताच्या गादीवर न येता अंगठ्याच्या सांध्यावर येतो, तुमचं झाकण त्यामुळेच उघडलं नाही.


रानवारा | मंगळवार, सकाळी ९:३०

खोडकाका +१. वाचतोय.


गणितज्ञ_बंडू | मंगळवार, दुपारी १:१२

यात एक गंमत आहे जी फारसं कोणी सांगत नाही. पिस्तुलाची मूठ जाड का होते? कारण तिच्या पोटात काडतुसं आहेत. काडतूस मुठीत आडवं बसतं, नाक पुढे बूड मागे, म्हणजे मुठीची पुढून मागची लांबी काडतुसाच्या लांबीपेक्षा कमी होऊच शकत नाही, तुम्ही कितीही चांगले कारागीर असा. नऊ एमेमचं पूर्ण काडतूस २९.७ मिमी, .४५ एसीपी ३२.४, दहा एमेम ऑटो ३२.०. पावणेतीन मिमी ऐकायला काहीच नाही, पण लहान हाताचं बोट नीट पोचतं की नाही हे तेवढ्यानेही ठरू शकतं.

हे झालं पुढून मागे. रुंदी ठरते मॅगझिनमध्ये काडतुसं एका रांगेत आहेत की दोन रांगांत वेडीवाकडी कोंबलीयत त्यावर. .४५ चं बूड १२ मिमीच्या वर, नऊ एमेमचं दहाच्या आत. म्हणून दोन रांगांचं नऊ एमेम लहान हातात खपून जातं आणि दोन रांगांचं .४५ म्हणजे विटेला हात घातल्यासारखं. ग्लॉक २१ मध्ये तेरा गोळ्या, दोन रांगा. पुढे त्याचं एसएफ म्हणून रूप आलं त्यात मुठीची मागची बाजू छाटली, पोच सुधारली, रुंदी तीच राहिली कारण आत मॅगझिन तेच.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे .४० बोराच्या काडतुसाचा जन्म. १९८६ च्या मायामीच्या चकमकीनंतर एफबीआयने दहा एमेम घेतलं, काडतूस दणकट पण लांब, म्हणून पिस्तूलही .४५ च्या अंगाचं. सगळ्या एजंटांच्या हाताला ते मानवेना, झटकाही जास्त, मग दारू कमी करून हलक्या गोळ्या भरल्या. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दारू कमीच भरायचीय तर एवढी लांब पुंगळी (काडतुसाचं कवच) कशाला! कापली पुंगळी, १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन आलं, लांबी २८.८ मिमी, थेट नऊ एमेमच्या मापाच्या मुठीत. थोडक्यात एक अख्खं काडतूस लहान मुठीपायी जन्माला आलं, आणि लोक म्हणतात हात हा काही मुद्दा नाही.


लवंगी | मंगळवार, रात्री ९:५०

बंडू, हे भारीये, मी आत्ता टेप घेऊन बसलेय. म्हणजे मला एक रांगेचं .४५ बघायला हवं. १९११ बद्दल सगळे भरभरून बोलतात पण ते केवढं लांबलचक दिसतं हो, मला वाटायचं ते मोठ्या हाताच्या माणसांचंच.


जुनं_खोड | बुधवार, सकाळी ६:०५

दिसतं लांब, धरल्यावर सडपातळ. सात काडतुसं एका रांगेत, आणि ट्रिगर सरळ मागे सरकणारा सिंगल ॲक्शन, म्हणजे हॅमर (घोडा) आधीच मागे खेचलेला असतो, ट्रिगर पुढे लांब ठेवायची गरजच नाही.

आणि ऐका, तुमची तक्रार शंभर वर्षं जुनी आहे. मूळ १९११ चा ट्रिगर लांब होता. पहिल्या महायुद्धात ते हजारो शिपायांच्या हातात गेलं तेव्हा कळलं की बऱ्याच जणांचं बोट नीट पोचत नाही. म्हणून १९२० च्या दशकात सुधारणा केल्या, ट्रिगर आखूड केला, आणि ट्रिगरच्या मागे फ्रेमला (पिस्तुलाच्या सांगाड्याला) दोन्ही बाजूंनी बोट टेकायला अर्धचंद्रासारखे खळगे कोरले. ते झालं १९११ए१. कुठलंही जुनं ए१ आडवं धरून बघा, ट्रिगरमागे दोन खळगे दिसतील. ते शोभेचे नाहीत, तुमच्यासारख्यांसाठी कोरलेत.

आज जवळजवळ सगळ्या १९११ ला हे खळगे असतात पण ट्रिगर मात्र परत लांबच बसवतात, फॅशन. तो बदलून आखूड बसवता येतो. बाजूच्या लाकडी पट्ट्या काढून पातळ बसवता येतात. मागचा खालचा भाग, ज्यात मेनस्प्रिंग असते, तो फुगीरऐवजी सपाट घेता येतो. हे तिन्ही केलं की तेच पिस्तूल वेगळं वाटतं. ट्रिगर मात्र जाणत्या कारागिराकडूनच बदलून घ्या, घरी कानस घेऊन बसू नका, सिंगल ॲक्शनच्या ट्रिगरशी खेळ म्हणजे विस्तवाशी खेळ.


डावखुरी | बुधवार, सकाळी ११:२०

माझा हातही लहानच. १९११ बद्दल एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून लिहिते. मागे जी ग्रिप सेफ्टी असते ना, तळहाताने दाबली जाणारी, ती. अंगठा वर सेफ्टीवर ठेवून उंच मूठ धरली की माझ्या तळहाताचा मधला भाग पोकळ राहायचा आणि सेफ्टी पूर्ण दाबलीच जायची नाही. ट्रिगर ओढतेय, ओढतेय, काही नाही. मला वाटलं पिस्तूल बिघडलं. दोनदा कारागिराकडे नेलं, तो मोठ्या पंजाचा गडी, त्याच्या हातात दर वेळी सुरळीत. तिसऱ्यांदा मीच त्याच्यासमोर धरलं तेव्हा त्याची ट्यूब पेटली. खालच्या टोकाला उंचवटा असलेली ग्रिप सेफ्टी मिळते, ती बसवली, प्रश्न मिटला. तेव्हा लवंगी, हातात धरून ट्रिगर पोचला एवढ्यावर थांबू नकोस, रिकाम्या पिस्तुलावर दहा वेळा ओढून बघ.


पंचमहाभूत | बुधवार, दुपारी ४:४४

सगळे १९११ १९११ करतायत म्हणून मुद्दाम विरोधी पक्षात बसतो. रिव्हॉल्व्हर!!

बंडूच्याच तर्काने बघा. पिस्तुलाच्या मुठीत काडतुसं असतात, रिव्हॉल्व्हरच्या मुठीत काय असतं? स्प्रिंग आणि हवा. काडतुसं वर सिलिंडरमध्ये. म्हणजे मूठ कशीही घडवा. .४४ मॅग्नमचं काडतूस जवळजवळ ४१ मिमी लांब, तेच डेझर्ट ईगल पिस्तुलाच्या मुठीत घातलं तर मूठ एवढी होते की ताईंना दोन्ही हात लागतील नुसतं कवेत घ्यायला, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये त्याच काडतुसाला हवी तेवढी सडपातळ मूठ लावता येते.

शिवाय .४४ मॅग्नम १९५५ चं, ते .४४ स्पेशल लांबवून केलेलं. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल निवांत चालतं. जड रिव्हॉल्व्हर, मवाळ काडतूस, लोखंडी पाटी तितकीच आडवी. (उलटं करायला जाऊ नका, मॅग्नम स्पेशलच्या सिलिंडरमध्ये मावत नाही आणि ते मुद्दामच तसं केलंय.) स्पेशलची पुंगळी आखूड असल्यामुळे सिलिंडरच्या भोकांत काजळीचं कडं धरतं, ते ब्रशने घासून काढत जा नाहीतर पुढे मॅग्नम आत शिरताना कुरकुरतं.


जुनं_खोड | बुधवार, संध्याकाळी ७:१५

महाभूतराव, मुठीचं बरोबर, ट्रिगरचं विसरलात. डबल ॲक्शन, म्हणजे ट्रिगरनेच हॅमर मागे ओढायचा, अशा रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर पुढे लांब असतो आणि ओढायला जड, पाच-साडेपाच किलोपर्यंत सहज. १९११ चा दोन-अडीच किलोत सुटतो. त्यात .४४ ची सहा गोळ्यांची मोठी फ्रेम, स्मिथ अँड वेसनची एन फ्रेम म्हणा, तिची पोच भल्याभल्यांना पुरत नाही. जड ट्रिगर बोटाच्या टोकाने ओढला की नळी बाजूला ढकलली जाते, पाटी राहते उभी.


पंचमहाभूत | बुधवार, संध्याकाळी ७:४०

मान्य. पण म्हणूनच पाच गोळ्यांची मधली फ्रेम म्हणतोय, त्याच कंपनीचं मॉडेल ६९ एल फ्रेमवर .४४ मॅग्नम आहे. एक गोळी कमी, अंग लहान, पोचही कमी. आणि ग्रिप अशी घ्यायची की मागचा पोलादी कणा उघडा राहील. रबराची गुबगुबीत ग्रिप कण्यावरून चढली की पोच वाढलीच. हां, मग झटका थेट पोलादावरून हातात येतो, रबर होतं तेव्हा गादी होती. काहीतरी सोडावं लागणारच.


रानवारा | बुधवार, रात्री ८:०२

मी रिव्हॉल्व्हरवालाच, एक कळकळीची सूचना. पिस्तुलाची सवय असलेले लोक दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे सोडतात. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळीमध्ये बारीक फट असते आणि त्यातून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला फवाऱ्यासारखे उडतात. हात लहान असला की अंगठा नेमका त्याच जागी जायचा मोह होतो कारण मागे जागा नसते. माझ्या हातमोज्याचं एक बोट तिथे काळं होऊन फाटलंय, आत बोट असून वाचलं हे नशीब. अंगठे मागे, एकावर एक.


नेमबाज_नाही | बुधवार, रात्री ८:१०

नऊ एमेममध्ये अंगठे कुठेही ठेवा. (ह.घ्या., स्लाइडमागे, म्हणजे वरच्या सरकत्या भागामागे, सोडून.)


लवंगी | गुरुवार, रात्री १०:१५

किती लिहिताय सगळे, खूप आभार. अजून दोन शंका. एक, .४५ ची स्लाइड मागे ओढायला मला जड जातं, हात भरून येतात. दुसरी, मॅगझिनचं बटण. मूठ न सोडता माझा अंगठा पोचतच नाही.

आणि एकाने हेकलर अँड कॉखचं यूएसपी .४५ दाखवलं, ते तर ग्लॉकहून मोठं वाटलं मला. सिग पी२२० पण धरलं. एक रांग आहे, मूठ आवडली, पण पहिला डबल ॲक्शन ओढा काही केल्या नीट पोचत नाही, दुसऱ्या गोळीपासून छान.


डावखुरी | गुरुवार, रात्री १०:५१

स्लाइड: ओढू नकोस, ढकल. पिस्तूल छातीजवळ आण, तोंड समोर मातीच्या बांधाकडेच, बोट ट्रिगरबाहेर. दुसऱ्या हाताने स्लाइड वरून पूर्ण पंजाने पकडून घट्ट *थांबवून* ठेव आणि मूठ धरलेला हात पुढे ढकल. बोटांच्या चिमटीत पकडलीस तर जन्मात जमणार नाही. १९११ असेल तर आधी हॅमर मागे खेचून घे, अर्धा विरोध त्या हॅमरच्या स्प्रिंगचाच असतो. आणि अंगठ्याची सेफ्टी लावलेली असेल तर स्लाइड हलणारच नाही, मी यात एकदा पाच मिनिटं घालवलीत, बघणारे शहाणे एक शब्द बोलले नाहीत.

बटण: कोणाचाच पोचत नाही गं, मोठ्या हातवाल्यांचाही नाही. पिस्तूल किंचित फिरवायचं, मॅगझिन पाडायचं, परत मूठ लावायची. गोळी झाडताना मूठ फिरवणं आणि मॅगझिन बदलताना फिरवणं यात फरक आहे. मी डावरी असल्यामुळे बटण तर्जनीने दाबते, तुम्हा उजव्यांची गंमत बघते.


गणितज्ञ_बंडू | शुक्रवार, दुपारी १२:३०

पी२२० ला आखूड ट्रिगर मिळतो, सोडून देण्याआधी तो लावलेलं एखादं धरून बघ. यूएसपी मोठंच आहे, दोन रांगा, बारा गोळ्या. त्याच घरातलं एचके४५ त्यानंतरचं, मूठ त्यापेक्षा बरीच आटोपशीर, दहाच गोळ्या आणि मागचा कणा बदलता येतो. स्मिथच्या एम अँड पी ४५ लाही बदलते कणे आहेत. पण बदलता कणा म्हटलं की लोक फार खूश होतात. सगळ्यात लहान कणा लावला तरी आत मॅगझिन तेवढंच, त्याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही.

अजून एक, 'ऑफिसर' वगैरे नावाची आखूड १९११ बघशील. तिथे मूठ *उंचीला* आखूड असते, पोच तीच. फक्त करंगळी लटकते आणि वजन जातं. तुला काही फायदा नाही.


लवंगी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:०५

आले परत!

शेवटी महाभूतदादांच्या समाधानासाठी मॉडेल ६९ पण चालवलं, .४४ स्पेशलवर. खरं सांगू? मूठ सगळ्यात छान तिचीच. हॅमर मागे ओढून एकेक गोळी मारली तर पाट्या पडत होत्या, पण डबल ॲक्शनला चौथ्या गोळीनंतर बोट थरथरायचं आणि गोळ्या डावीकडे जायला लागायच्या. मग एकाने मॅग्नमची एक भरून दिली. एकच. आवाज कानात नाही, दातांत ऐकू आला. हसू आलं आधी, मग तळहात बघितला तर मुठीवरची चौकटीची नक्षी तशीच्या तशी उमटलेली.

मग १९११. जुनंच, पोलादी, पाच इंची नळी, आधीच्या मालकाचा हातही लहान असावा कारण ट्रिगर आखूडच होता. खोडकाकांनी सांगितलं तसं बेचकी मध्यावर घातली आणि बोट आपोआप पहिल्या पेरावर बसलं, काही करावंच लागलं नाही. दोनशे गोळ्या मारल्या दोन दिवसांत, त्यातल्या शंभर १८५ ग्रेनच्या मवाळ टारगेटच्या. रात्री मुद्दाम बाटलीचं झाकण उघडून बघितलं. उघडलं.

ग्रिप सेफ्टी दोनदा अडकली, डावखुरी, तुझी आठवण काढली, उंचवट्याची बसवायला दिलीये.

आता एक नवीन भानगड. पातळ पट्ट्या मीच बसवल्या, स्क्रू जुनेच वापरले, आणि तेव्हापासून रिकामं मॅगझिन बटण दाबल्यावर पडतच नाही, बोटाने ओढून काढावं लागतं. आधी सटकन पडायचं. मॅगझिनवर एका बाजूला बारीक चकचकीत ओरखडा पण दिसतोय.


जुनं_खोड | सोमवार, सकाळी ६:०२

अभिनंदन! जुने स्क्रू लांब पडतायत. पट्टी पातळ झाली, स्क्रू तेवढाच राहिला, त्याचं टोक आत निघून मॅगझिनला घासतंय, ओरखडा त्याचाच. पातळ पट्ट्यांना आखूड बुशिंग (फ्रेममध्ये बसणारी, स्क्रू धरणारी आट्यांची बारीक नळी) आणि आखूड स्क्रू दोन्ही लागतात, जोडीने मिळतात. तोवर जाड पट्ट्याच परत लावा. आणि बुशिंग काढताना सावकाश, त्याचे आटे फार बारीक असतात, फ्रेममधले आटे गेले की मग महाग पडतं.


नेमबाज_नाही | सोमवार, सकाळी ८:३०

माझ्या नऊ एमेमला पट्ट्याच नाहीत.


लवंगी | सोमवार, सकाळी ८:४१

काका, ओरखडा बरोब्बर वरच्या स्क्रूच्याच रेषेत आहे, आत्ता बघितलं. काढते.